असुराशी केलेला सौदा किती काळ टिकतो?

कार्तिक शुद्ध पौर्णिमा ही त्रिपुरारी पौर्णिमा. भगवान शंकरांनी त्रिपुराचा संहार केला त्या दिवसाची स्मृती म्हणून आपण देवळांच्या दीपमाळा उजळतो आणि घरोघरी त्रिपुरवाती लावतो. नालासोपाऱ्याच्या पूर्वेस तुळिंज येथे या तिथीला कीर्तनसेवेसाठी जाण्याचा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. तेथील चाळींच्या अरुंद जिन्यांवर त्या रात्री पायरीपायरीला पणती असते. वर चढणाऱ्याने पाऊल जपूनच टाकावे लागते.

गतवर्षी उत्तररंगात त्रिपुराचेच आख्यान लावले होते. आरती झाली, प्रसाद वाटला गेला, मंडळी पांगू लागली. इतक्यात नववीत शिकणारा एक मुलगा पुढे आला आणि नमस्कार करून म्हणाला, "बुवा, राक्षसाशी सौदा करून मिळवलेली शक्ती खरोखर टिकते का?"

प्रश्न कोठून आला ते विचारले. मुलाचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यातले. तुळिंजमध्ये अशी कोकणी कुटुंबे पुष्कळ. गौरी-गणपतीला त्यांचे पाय गावाकडे वळतात. त्याच खेड तालुक्यात तुंबाड नावाचे गाव आहे आणि त्या नावाचा एक हिंदी चित्रपट मुलाने मोबाईलवर पाहिला होता. त्याच्या वयाच्या मुलांनी पाहावा असा तो चित्रपट नव्हे. परंतु पाहिलाच होता, तर त्याच्या शंकेचे निरसन करणे मला भाग होते. म्हणून पुढे मीही तो पाहिला.

तुंबाडची कथा

राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला 'तुंबाड' २०१८ साली प्रदर्शित झाला. नारायण धारपांच्या भयकथांची प्रेरणा त्यामागे आहे. त्यातील दैवत कोणत्याही पुराणातले नाही, ते कल्पित आहे. भाविकांनी त्याचा शोध पोथ्यांत घेऊ नये. समृद्धीच्या देवीचा ज्येष्ठ पुत्र हस्तर हा सोने आणि धान्य दोहोंच्या लोभात पडतो. सोने त्याला लाभते. धान्यावर हात टाकताच इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. आई त्याला वाचवते, पण त्याची पूजा कधी होणार नाही या अटीवर. वाड्याखालच्या गर्भात तो क्षुधित अवस्थेत बंदिस्त राहतो. कथानायक विनायक कणकेची बाहुली घेऊन तेथे उतरतो. हस्तर ती खाण्यात गुंतला, की त्याच्या लंगोटातून सांडणाऱ्या मोहरा वेचतो आणि जीव मुठीत धरून वर येतो.

हा व्यवहार कसा चालतो, ते नीट पाहावे. एका खेपेस मूठभर मोहरा मिळतात, त्या ऐषआरामात उडतात आणि विनायक पुन्हा दोरीला लटकतो. त्याने वर्षानुवर्षे सोने आणले. पण ज्याला आपली मिळकत म्हणावे असे काही उभे केले नाही. धनाचा स्वामी होण्यासाठी गेलेला माणूस त्या विहिरीचा वेठबिगार होऊन बसला.

त्याच कथेत एक वृद्धा आहे. त्याच लोभापायी तिला हस्तराचा दंश झालेला. ती मरत नाही. तिचा देह सडतो, त्यातून झाड उगवते, तरी हृदय धडधडत राहते. खजिन्याचे गुपित सांगताना ती विनायकापाशी एकच मागणे मागते, की मला जाळून मोकळी कर. 'टिकते का' या प्रश्नाचे एक उत्तर येथेच आहे. कधीकधी ते टिकते, आणि टिकणे हीच शिक्षा होते.

वर आणि त्यातील फट

मुलगा चतुर होता. म्हणाला, "पण बुवा, त्रिपुराला वर ब्रह्मदेवाने दिला होता. तो कोठे राक्षस होता?" हा आक्षेप महत्त्वाचा आहे. महाभारताच्या कर्णपर्वात ही कथा येते. तारकासुराचे तीन पुत्र तारकाक्ष, कमलाक्ष आणि विद्युन्माली यांनी घोर तप करून प्रथम अमरत्वच मागितले. ब्रह्मदेवाने ते नाकारले. मग त्यांनी मोठ्या धूर्तपणे अट घातली, की आमची तीन नगरे संचार करीत राहतील, सहस्र वर्षांनी एकदाच एकत्र येतील आणि त्या वेळी जो एकाच बाणाने त्यांचा भेद करील त्याच्याच हातून आम्हांस मरण यावे. मयासुराने सुवर्णाचे, रौप्याचे आणि लोहाचे अशी तीन नगरे रचली. मेलेल्या दैत्यांना पुन्हा उठवणारी एक विहीरही तेथे होती. इतका बंदोबस्त असूनही ती घटिका आली, नगरे एका रेषेत आली आणि एक बाण सुटला.

हिरण्यकशिपूची मागणी याच जातीची. माणसाकडून नको, पशूकडून नको; दिवसा नको, रात्री नको; आत नको, बाहेर नको. नृसिंह नेमका त्या नकारांच्या मधल्या फटीतून, सायंकाळी, उंबरठ्यावर प्रकटला. देणारा देव आहे की दैत्य, यावर सौदा ठरत नाही. मागणाऱ्याच्या वृत्तीवर ठरतो. कर्म आपले आणि त्याचे फळ मात्र चुकवायचे, ही मागणी ब्रह्मदेवापुढे केली तरी ती आसुरीच.

पाश्चात्त्यांनाही हे उमगले होते. इंग्रज नाटककार मार्लो याचा डॉक्टर फॉस्टस सैतानाला आत्मा लिहून देतो, तो चोवीस वर्षांच्या बोलीवर. त्या अवधीत तो राजेरजवाड्यांना चमत्कार दाखवतो, खोड्या काढतो. जग पालटील असे एकही कार्य त्याच्या हातून घडत नाही. आपल्या कोकणात जुनी माणसे पाण्यातल्या गिऱ्ह्याची गोष्ट सांगत. त्याचा केस हाती असेतो तो चाकरी करतो. केस परत मिळाला, की धन्याचाच घात करतो. देश निराळे, भाषा निराळ्या. परंतु मुदत सर्वत्र आहे.

हिशेब कोण चुकवतो?

सुज्ञ वाचक म्हणतील, बुवा, कथेत ठीक आहे. व्यवहारात तर अधर्माने मिळवलेली सत्ता आणि संपत्ती डोळ्यांदेखत नांदताना दिसते. खरे आहे, आणि पुराणांनीही ते नाकारलेले नाही. त्रिपुरे सहस्र वर्षे उभी होती. रावणाची लंका सोन्याची होती आणि दीर्घकाळ होती. म्हणून 'किती काळ' हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे. खरा प्रश्न असा, की त्या सौद्याचा हिशेब कोणाच्या नावे लिहिला जातो? तो बहुधा लेकरांच्या नावे लिहिला जातो.

विनायक आपल्या कोवळ्या मुलाला, पांडुरंगाला, विहिरीत उतरण्याचे शिक्षण देतो. बापाचा लोभ मुलात भिनतो. अवघा लंगोटच पळवावा ही कल्पना मुलाचीच. शेवटी शापित होऊन बाहेर आलेला बाप तो लंगोट मुलापुढे धरतो आणि मुलगा तो घेत नाही. तेथेच सौदा संपतो. आमच्या पुराणात हेच प्रह्लादाने केले. बापाच्या वराचा वारसा त्याने नाकारला. त्याच प्रह्लादाचा पुत्र विरोचन आणि विरोचनाचा पुत्र बळी. पणजोबाने त्रैलोक्य घेण्यासाठी अटी घातल्या; पणतूने तीन पावले भूमी देताना एकही अट घातली नाही. राज्य दोघांचेही गेले. पण नुकत्याच झालेल्या पाडव्याला आपण चित्र काढून पूजिले ते बळीचे. एकाच असुरकुळात घेणारा विसरला गेला आणि देणारा टिकला.

त्या रात्री मुलगा गेल्यावर त्याची आई मागे थांबली. हलक्या आवाजात म्हणाली, "बुवा, ह्यांच्यावर कर्ज झालंय. अमावास्येला पूजा करून पैशांचा पाऊस पाडतो म्हणून एकाने अकरा हजार नेले आहेत. आणखी मागतोय, आणि पूजेला मुलालाही आणा म्हणतोय." तेव्हा मला कळले, की मुलाचा प्रश्न चित्रपटाचा नव्हता, घरचा होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेलो. गृहस्थांना म्हटले, "अहो, उभा जन्म पुराणे सांगण्यात गेला. असल्या व्यवहारात श्रीमंत होऊन सुखाने मेलेला एकही माणूस मला त्यांत भेटला नाही." शिवाय गुप्तधनासाठी अथवा चमत्काराच्या नावाने लोकांस नाडणाऱ्या भोंदूंसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड त्यात सांगितला आहे, हेही त्यांच्या कानी घातले. ते मान खाली घालून बसले. मुलगाच म्हणाला, "बाबा, मी येणार नाही." एवढेच.

अकरा हजार परत आले नाहीत. कर्जही अद्याप फिटलेले नाही. बाई शिवणकाम करतात, गृहस्थ सुट्टीच्या दिवशीही कामावर जातात आणि हप्ता भरतात. मात्र त्या अमावास्येला त्या घरातून कोणीही बाहेर पडले नाही.

भाविकहो, आज त्रिपुरवात लावताना तीन नगरांचे दहन मनात आणावे. त्यांपैकी एखादे सोन्याचे नगर आपल्याही मनात बांधले जात असेल, तर ते लेकरांच्या हाती पडण्यापूर्वीच या वातीला द्यावे. श्रीशंकर सर्वांचे कल्याण करोत.