मेंदूचा रक्तपुरवठा आणि दंडावरील पट्टा

मेंदूचे वजन देहाच्या वजनाच्या अवघे २ टक्के. परंतु हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त त्याला लागते. मेंदूच्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की हा पुरवठा तुटतो. तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, वाचा अडखळते. हाच पक्षाघात होय.

ज्या भागाचे रक्त पूर्णपणे तुटते, तो काही मिनिटांतच मरू लागतो. त्याच्या भोवतालचा भाग मात्र शेजारच्या वाहिन्यांतून मिळणाऱ्या थोड्याफार रक्तावर, अर्धपोटी माणसाप्रमाणे, काही तास तग धरतो. हा भाग वाचविण्यासाठी गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मग सुई वा शस्त्र न लावताही हा रक्तप्रवाह सुधारता येईल काय?

एक उपाय सहज सुचण्याजोगा होता. रुग्णाचे डोके उंच न ठेवता त्याला सपाट निजविले, तर रक्त मेंदूकडे सुलभतेने जाईल. तर्क बिनतोड दिसतो. परंतु भारतासह ९ देशांतील ११ हजारांहून अधिक रुग्णांवर त्याची परीक्षा झाली, तेव्हा तीन महिन्यांनंतरच्या पंगुत्वात काहीच फरक आढळला नाही. हा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला.

दुसरा उपाय अधिक नवलाचा आहे. रक्तदाब मोजताना बांधतात तसला पट्टा दंडाला आवळून पाच मिनिटे रक्त अडवावयाचे, मग सोडावयाचे आणि असे अनेकदा करावयाचे. हाताची ही अल्पकाळची उपासमार मेंदूलाही टंचाई सोसावयास सिद्ध करते, अशी त्यामागील कल्पना आहे. चीनमधील ५५ रुग्णालयांत मध्यम तीव्रतेच्या पक्षाघातावर हा प्रयोग झाला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पट्टा बांधलेल्या शंभरांपैकी ६७ रुग्ण उत्तम सुधारले; इतरांत हे प्रमाण ६२ होते. उलट, डेन्मार्कमध्ये रुग्णवाहिकेतच सुरू केलेल्या अशाच उपचाराचा लाभ २०२३ सालच्या निष्कर्षात दिसला नाही.

तेव्हा घरी दंड आवळणे किंवा तेल चोळीत बसणे हा उपाय नव्हे. शिवाय काही पक्षाघात रक्तवाहिनी फुटून होतात. त्यांचे उपचार निराळे असतात आणि दोहोंतील भेद मेंदूचे चित्र घेतल्यावाचून कळत नाही. म्हणून घरच्या मंडळींनी लक्षणे केव्हा दिसली ती वेळ टिपून ठेवावी, गिळण्याची खात्री होईपर्यंत रुग्णाला अन्नपाणी देऊ नये आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात त्याला तत्काळ न्यावे.