उरलेल्या एक तृतीयांशातले शेजारी

रॅटच्या यकृताचे दोन मोठे खंड कापून काढले की सुमारे दोन तृतीयांश यकृत जाते. तरी सात ते दहा दिवसांत उरलेला भाग वाढून मूळ वजनाजवळ पोचतो. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ साली वर्णन केलेल्या या शस्त्रक्रियेवर आजही बहुतेक अभ्यास उभा आहे. कापलेले खंड मात्र परत उगवत नाहीत, राहिलेलेच मोठे होतात. पालीच्या शेपटीची उपमा इथे फसवी ठरते.

पहिला इशारा रक्ताकडून मिळतो. आतड्यांकडून येणारे सगळे रक्त आता एक तृतीयांश यकृतातून जाऊ लागते आणि सूक्ष्म वाहिन्यांच्या अस्तरावर ताण येतो. तिथे ठाण मांडून बसलेल्या कुप्फर पेशी, म्हणजे यकृताच्या भक्षक पेशी, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर आणि इंटरल्युकिन-६ सोडतात. त्याने यकृतपेशी जाग्या होतात, एवढेच. विभाजनाला हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर लागतो. नाव यकृतपेशीचे, पण तो बनवतात शेजारी: अस्तरपेशी आणि जीवनसत्त्व ‘अ’ साठवणाऱ्या तारकापेशी. त्याचा काही साठा पेशींभोवतीच्या जाळीत आधीच असतो. युरोकायनेज हे विकर तो मोकळा करायला मदत करते.

रॅटमध्ये सुमारे २४ तासांनी यकृतपेशींतली डीएनए-निर्मिती शिखर गाठते. साखर सांभाळणे, अल्ब्युमिन बनवणे ही रोजची कामे तेव्हाही चालूच असतात. अस्तरपेशींची वाढ मात्र तीन-चार दिवसांनी होते. मधल्या काळात नव्या यकृतपेशींचे रक्तवाहिन्यांवाचूनचे पुंजके तयार होतात. हा उशीर निष्काळजीपणाचा नव्हे. अस्तरपेशी सुरुवातीला अँजिओपोएटिन-२ कमी करतात. त्यामुळे विभाजन रोखणारा टीजीएफ-बीटा त्यांच्याकडून कमी सुटतो आणि यकृतपेशींना वाट मोकळी मिळते. पुढे अँजिओपोएटिन-२ पुन्हा वाढते, यकृतपेशींनी सोडलेल्या व्हीईजीएफच्या हाकेला अस्तरपेशी ओ देतात आणि पुंजक्यांत नव्या वाहिन्या शिरतात. वाढीचे श्रेय सरसकट यकृतपेशीला देणारी वर्णने हा भाग एका ओळीत उरकतात.

थांबवण्याच्या कामातही टीजीएफ-बीटाचा वाटा असतो, पण एकट्याचा नाही. शरीराच्या मानाने यकृताचे वजन पुरेसे झाले की वाढ ओसरते. तारकापेशी मग भोवतीची जाळी पुन्हा विणतात. दारू किंवा हिपॅटायटिसमुळे इजा वर्षानुवर्षे होत राहिली, तर याच पेशी कोलॅजनचे थर टाकत राहतात आणि यकृत कठीण, गाठाळ होत जाते.