प्लग गरम लागतोय, बॉस!

अंघोळीनंतर ज्या टॉवेलने अंग पुसता, त्याचं लेबल कधी वाचलंय? तो सोलापूरचा निघण्याचा चान्स बऱ्यापैकी आहे. तिथल्या चादरींना आणि टेरी टॉवेलना जीआय मानांकन आहे आणि अक्कलकोट रोड एमआयडीसी हा त्या धंद्याचा एक मोठा अड्डा. 18 मे 2025 च्या रविवारी पहाटे इथल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली. मालकाचं कुटुंब आवारातच राहायचं. मालक, घरची माणसं आणि कामगार मिळून 8 जण गेले. त्यात एक लहान मूलही होतं. प्राथमिक अंदाज काय, तर शॉर्ट सर्किट.

पेपरात हा शब्द इतक्यांदा येतो की आपण पान उलटतो. पण होतं काय नेमकं?

करंट फेजमधून निघतो, पंखा-मोटरमधून जातो आणि न्यूट्रलने परतीची वाट धरतो. झालं सर्किट. वाटेतला अडथळा म्हणजे रेझिस्टन्स. (एसीच्या बाबतीत जाणकार त्याला इम्पीडन्स म्हणतात, ते सोडा.) वायरचं आवरण जळालं आणि फेज-न्यूट्रल थेट भिडले, की अडथळाच गायब. ओहमचा नियम आठवतोय ना? व्होल्टेज तेवढंच, रेझिस्टन्स जवळजवळ शून्य, म्हणजे करंट एकदम शेकडो अँपिअर. ठिणगी उडते. यंत्रमागाच्या शेडमध्ये कापसाचे बारीक तंतू हवेत, तुळईवर, बोर्डावर साचलेले असतात. पुढचं सांगायला नको.

शॉर्ट झालं तर निदान एमसीबी पडतो. त्याहून पाताळयंत्री प्रकार म्हणजे सैल स्क्रू. तुमचा गीझर 2000 वॅटचा, म्हणजे 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर. सॉकेटमधला जोड ढिला होऊन तिथे जेमतेम अर्धा ओहम रेझिस्टन्स आला, तर त्या एका टिंबावर सुमारे 36 वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंग गन तेवढ्यावर कथील वितळवते! आणि करंट वाढलेलाच नसतो, त्यामुळे एमसीबी ढिम्म.

आता तुमचा वन-बीएचके बघा. छोट्या पिनचा सॉकेट 6 अँपिअरचा, म्हणजे फार तर 1380 वॅट. त्यावर एक्स्टेंशन बोर्ड, बोर्डावर इंडक्शन, इस्त्री, हेअर ड्रायर. शिवाय लॅपटॉप आणि मोबाइल. ते बिचारे डीसीवर जगतात. भिंतीतला सेकंदाला 50 आवर्तनं घेणारा एसी त्यांचा चार्जर बदलून देतो. त्यांचा भार किरकोळ. खरा खादाड म्हणजे तापवणारी वस्तू. कारखान्यात 415 व्होल्टचं थ्री-फेज असतं आणि मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. सैल जोडाचं तिथे काय होत असेल?

आज इस्त्री झाली की स्विच बंद करून प्लग काढा आणि पिनला जरा जपून बोट लावा. माझी चटका देणारी निघाली. सॉकेटभोवती तपकिरी डाग होता. मी तो वर्षभर चहाचा समजत होतो. वायरमनने झाकण उघडून स्क्रू दाखवला. अर्धा फेरा सैल.