धान्यातल्या गोळ्या आणि पेशींची घुसमट

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सोलापूर जिल्ह्यात वर्षभराची ज्वारी घरातच साठवण्याची पद्धत आहे. टोके लागू नयेत म्हणून काही जण पोत्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेतल्या ओलाव्याने या गोळ्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो.

पेशीतील मायटोकाँड्रियात ‘सायटोक्रोम सी ऑक्सिडेज’ नावाचे विकर असते. श्वासातला ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करण्याच्या साखळीतील हा शेवटचा दुवा. फॉस्फीन त्याचेच काम रोखतो. रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही. मोठा फटका हृदयाला बसतो. चंदीगडच्या पीजीआयमधील डॉक्टरांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २६ विषबाधितांच्या प्लेटलेट्स तपासल्या. त्यांत या विकराचे काम मंदावलेले आढळले.

या विषावर नेमका उतारा नाही. त्यामुळे राहत्या घरात या गोळ्या नकोतच. ज्वारी कडक उन्हात वाळवून हवाबंद कोठीत भरावी. धान्याच्या खोलीत लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला, मळमळ होऊ लागली, छातीत दडपण आले, तर सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे आणि रुग्णालय गाठावे. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असे मात्र नव्हे.