मंत्र्यांचे हेलिकॉप्टर उतरते, मग रुग्णाचे का नाही?

गैरसमज : हेलिकॉप्टर कुठेही उतरू शकते, आडवे येतात ते फक्त नियम.

वस्तुस्थिती : नंदुरबार जिल्ह्यात प्रचारसभा आटोपल्या की हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून रुग्णाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. गृहीतक मात्र चुकीचे आहे. सभेचे हेलिकॉप्टर ‘कुठेही’ उतरत नाही. त्याची जागा आधी ठरते, आजूबाजूच्या तारा-झाडे पाहिली जातात, धूळ बसवायला पाणी मारले जाते, बंब उभा राहतो. तारा काय करू शकतात, हे 25 मे 2017 रोजी निलंग्यात दिसले : तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच तारांत अडकून कोसळले. सुदैवाने सगळे बचावले.

दुसरी अडचण हवेची. उंची आणि उष्णता वाढली की हवा विरळ होते. पात्यांची उचल आणि इंजिनाची ताकद दोन्ही घटतात. सातपुड्यातले तोरणमाळ सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे. तिथे पारा 35 अंशांवर गेला, तर हवा प्रमाण वातावरणातील सुमारे 2,100 मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. मग वजन कमी करणे आले. पण स्ट्रेचर, ऑक्सिजन आणि डॉक्टर यांतले काय खाली ठेवायचे?

नियम नेमका हाच हिशेब मांडतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने हेलिकॉप्टर-उड्डाणांचे तीन कार्यक्षमता वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात एक इंजिन बंद पडले तरी हेलिकॉप्टर सुखरूप परत उतरते किंवा पुढे जाते. दुसऱ्यात उड्डाण घेताना वा उतरताना, तर तिसऱ्यात केव्हाही, मिळेल तिथे उतरण्याची वेळ येऊ शकते. एका इंजिनाचे हेलिकॉप्टर तिसऱ्याच वर्गात मोडते. युरोपीय संघाने 2023 मध्ये हवाई रुग्णसेवेचे नियम सुधारले, तेव्हाही भर होता तो रुग्णालयांचे जुने हेलिपॅड, डोंगराळ भाग आणि रात्रीची उड्डाणे यांवर. म्हणजे आल्प्समध्येही ‘कुठेही’ चालत नाही. नियम सैल केल्याने सातपुड्यातली हवा दाट होणार नाही.

इतर गैरसमज

‘युरोपचे नियम आता इथेही लागू होतील.’ नाही. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचेच नियम चालतात.

‘इंजिन बंद पडले की हेलिकॉप्टर दगडासारखे पडते.’ नाही. खालून येणाऱ्या हवेने पाती फिरत राहतात आणि वैमानिक ते उतरवू शकतो. मात्र त्यासाठी पुरेशी उंची वा वेग आणि खाली मोकळी, सपाट जागा लागते. सातपुड्याच्या दऱ्यांत ती विरळाच.

‘रात्रीही बोलावता येईल.’ बाहेर पाहून करायच्या उड्डाणांना भारतात साधारणपणे सूर्योदयापूर्वी 20 मिनिटांपासून सूर्यास्तानंतर 20 मिनिटांपर्यंतच मुभा असते.

‘भारतात अशी सेवाच नाही.’ आहे. ऋषिकेशच्या एम्समधून ऑक्टोबर 2024 मध्ये हेलिकॉप्टर रुग्णसेवा सुरू झाली. मे 2025 मध्ये केदारनाथला उतरताना तिचे हेलिकॉप्टर अपघातग्रस्त झाले. आतले सर्वजण बचावले. डोंगरात अशी सेवा चालवता येते. पण तयार हेलिपॅड, पुरेशा ताकदीचे हेलिकॉप्टर आणि डोंगराचा सराव असलेला वैमानिक, तिन्ही आधी हवेत.