शेजारच्या खोलीतली नोकरी

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातील एक सोमवार. दवाखाना बंद करून मी घरी पोचतो न पोचतो तोच एका जुन्या रुग्णाच्या मुलाचा फोन आला. ‘‘डॉक्टर, बाबा काहीतरी भलतंच बोलताहेत. घामानं शर्ट भिजलाय.’’ घरात ग्लुकोमीटर होता. रक्तातील साखर ४६ भरली. गृहस्थ शुद्धीवर होते, त्यांना गिळता येत होते. म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब पाजायला व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायला सांगितले आणि मी स्कूटर काढली. मी पोचलो तेव्हा ते मला ओळखून ओशाळवाणे हसले. समोर टेबलावर दोन ताटे वाढून ठेवलेली होती. दोन्हींना कोणी हातही लावलेला नव्हता.

गृहस्थ ७६ वर्षांचे, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, विधुर. मुलगा पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. २०२०च्या मार्चमध्ये एक लॅपटॉप आणि कपड्यांची बॅग घेऊन तो साताऱ्याला आला आणि पुढे आईच्या आजारपणामुळे, नंतर वडिलांसाठी, इथेच राहिला. त्याच्या कंपनीचे ग्राहक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. त्यांची सकाळी दहाची बैठक आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू होई आणि सव्वाआठला संपे. आठ वाजता वडिलांनी इन्सुलिन घ्यायचे आणि साडेआठला दोघांनी मिळून जेवायचे, असा घराचा शिरस्ता होता.

परंतु अमेरिकेत नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात आणि मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे करतात. त्या सोमवारी तिकडचे दहा म्हणजे आपले साडेआठ झाले. वडिलांनी नेहमीप्रमाणे आठ वाजता इन्सुलिन घेतले, ताटे वाढली आणि मुलगा बाहेर येण्याची वाट पाहत ते बसून राहिले. बैठक लांबली. नऊ वाजता हात थरथरू लागले, तेव्हा त्यांना काय होते आहे याची कल्पना आली होती. साखरेचा डबा स्वयंपाकघरात होता. उठायला गेले तर पाय लटपटले. मुलगा दहा पावलांवर, बंद दारामागे, कानांवर हेडफोन लावून बसलेला होता.

‘‘हाक का नाही मारलीत?’’ मी विचारले.

‘‘मीटिंग चालू होती. दार वाजवणं बरं दिसलं नसतं.’’

हे उत्तर मी विसरू शकलेलो नाही. जेवणाआधीचे इन्सुलिन घड्याळाशी नव्हे, ताटाशी बांधलेले असते. ताट समोर आल्याखेरीज सुई टोचायची नाही, ही ताकीद मी त्यांना त्या रात्री पुन्हा दिली. आपल्या घरी इन्सुलिन घेणारे कोणी असेल तर आपणही हे लक्षात ठेवावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये आणि १०८ क्रमांकाला फोन करावा, हेही. हा झाला औषधाचा भाग. पण मला त्या मुलालाही एक प्रश्न विचारायचा होता, आणि तो मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात विचारला. ‘‘तुमच्या टीममध्ये कोणाला ठाऊक आहे का, की घरी वडिलांचं सगळं तुम्ही पाहता?’’

कोणालाही ठाऊक नव्हते. टीममध्ये सात जण होते. सात जण पाच शहरांत. त्यांतल्या दोघांना त्याने प्रत्यक्ष पाहिलेलेही नव्हते. पडद्यावर आपल्यामागे तो पुस्तकांच्या कपाटाचे खोटे चित्र लावत असे, म्हणजे मागची खाट आणि कमोडची खुर्ची दिसू नये. आई गेली तेव्हा तीन दिवसांची रजा घेतली आणि कारण ‘घरगुती’ असे कळवले.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरात अशी एक खोली आहे. तिच्यात आपला मुलगा, मुलगी, सून किंवा जावई दिवसाचे आठ-दहा तास एका अदृश्य कार्यालयात बसलेला असतो. आपल्याला वाटते, ‘तो घरी आहे’. कार्यालयाला वाटते, ‘तो कामावर आहे’. दोन्ही बाजूंचा समज मोडू नये म्हणून तो घरापासून कार्यालय लपवतो आणि कार्यालयापासून घर. या लपवाछपवीची किंमत पाठदुखी, निद्रानाश, वाढता रक्तदाब अशा रूपांत माझ्या टेबलावर येते. त्या दिवशी ती किंमत वडिलांनी मोजली.

लपवण्यामागे भीती असते, आणि ती अगदीच निराधार नाही. चीनमधील एका मोठ्या प्रवास-कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांचा एक प्रयोग केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. मात्र कामगिरीच्या मानाने त्यांच्या बढत्या कमी झाल्या. जो डोळ्यांसमोर नसतो तो बढतीच्या वेळी आठवतही नाही, हे आपल्या सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेल्यांना वेगळे सांगायला नको. मला मात्र त्या प्रयोगातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. पुढे निवड करण्याची मुभा मिळाल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक कार्यालयात परतले, आणि त्याचे एक मोठे कारण होते एकटेपणा. काम चांगले होत असतानाही माणसाला माणसे हवी होती. याच कंपनीतील पुढचा अभ्यास २०२४ साली आला. त्यात १,६१२ कर्मचाऱ्यांपैकी काहींना आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू दिले. त्यांच्या कामात किंवा बढत्यांत घट झाली नाही, आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने उतरले. म्हणजे घर आणि कार्यालय या दोन्हींत पाय ठेवणे माणसाला मानवते.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२२च्या फेब्रुवारीत घरून काम करणाऱ्यांच्या आरोग्याविषयी संयुक्त टिपण काढले. योग्य काळजी न घेतल्यास एकाकीपणा, कामाचा थकवा, नैराश्य, डोळ्यांवरचा ताण, वाढते वजन, मद्यपान अशी यादीच त्यात आहे. ती यादी वाचताना मला माझ्या नोंदवहीतली नावे आठवत गेली.

खरे तर आम्ही जनरल प्रॅक्टिशनर मूळचेच एकांडे. तीस वर्षे एका टेबलामागे बसलो, सहकारी असा नाहीच. २५ मार्च २०२०, म्हणजे देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, फोनवरून रुग्ण तपासण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने प्रसिद्ध केली आणि आम्हीही घरून काम करू लागलो. तेव्हा मला उमगले, की माझे निम्मे निदान रुग्ण दारातून आत येताना होत असे. चाल, श्वास, बरोबर कोण आले आहे, पिशवी कोणाच्या हातात आहे. फोनवर रुग्ण जेवढे सांगेल तेवढेच कळे. घरून काम करणाऱ्यांच्या टीमचेही तसेच आहे. कार्यालयात एखादा दोन दिवस उतरलेल्या चेहऱ्याने वावरला, डबा न उघडता बसला, तर शेजारचा न विचारता राहत नाही. पडद्यावर कोणाचाही डबा दिसत नाही. तिथे सांगावे लागते.

म्हणून अशा तरुणांना मी पहिले औषध सांगतो ते सांगण्याचे. फार नव्हे, एक-दोन वाक्ये. ‘‘मी घरी ७६ वर्षांच्या वडिलांना सांभाळतो. रात्री साडेआठला त्यांचं जेवण असतं. तेव्हा पाच मिनिटं मी उठेन.’’ हे वरिष्ठाला सांगावे आणि टीमलाही सांगावे. प्रत्येक वरिष्ठ समजूतदार असतो असे मी म्हणणार नाही. ज्याचा वरिष्ठ तसा नसेल त्याने निदान एका सहकाऱ्याला विश्वासात घ्यावे. आपल्या साताऱ्याच्या या मुलाने घाबरत घाबरत सांगितले, तेव्हा इंदूरची एक सहकारी बैठक संपल्यावर थांबून राहिली. तिच्या आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरायची होती आणि तीही वर्षभर हेच लपवत होती. आता साडेआठच्या बैठकीत एक जण उठला तर दुसरा त्याची बाजू सांभाळतो.

एका गोष्टीकडे मात्र डोळेझाक होऊ नये. टाळेबंदीच्या काळात मायक्रोसॉफ्टच्या ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या संपर्काचा अभ्यास झाला. घरून काम करताना जवळच्या गटातली ये-जा टिकून राहिली, पण गटागटांमधले दुवे कमी झाले. जिन्यात भेटणारा, चहाच्या टपरीवर ओळख झालेला, दुसऱ्याच विभागातला माणूस तुटला. अडचणीत नवी वाट बहुधा असाच माणूस दाखवतो. ते दुवे पुन्हा जोडायचे तर अधूनमधून प्रत्यक्ष जावे लागते. पडद्यावरच्या आणखी एका बैठकीने ते काम होत नाही. फार तर, चेहरा दाखवायची गरज नसेल तेव्हा साधा फोन करावा आणि अंगणात चालत बोलावे. पाठीला बरे, डोळ्यांना बरे, आणि आवाजातला माणूस अधिक ऐकू येतो.

इथे आपले, म्हणजे ज्येष्ठांचे, काम सुरू होते. मुलाने पंधरा दिवसांतून एकदा पुण्याला जायचे ठरवले, तेव्हा वडिलांची प्रतिक्रिया होती, ‘‘घरून काम होतंय ना? मग कशाला ती दगदग?’’ बोलण्यात काळजी होती आणि थोडी भीतीही. त्या सोमवारनंतर ते एकटे राहायला धास्तावले होते. मी त्यांना विचारले, ‘‘तुम्ही नोकरीत असताना दुपारी जेवायला किती जण एकत्र बसायचात?’’ ते नावे सांगत गेले. अकरा नावे झाली. त्यांतले चार जण पत्नीच्या अंत्यविधीला आले होते. मग मला पुढे काही बोलावे लागले नाही.

आता दर दुसऱ्या गुरुवारी मुलगा पहाटेच्या विनाथांबा एसटीने स्वारगेट गाठतो. त्या दिवशी शेजारचे निवृत्त शिक्षक दुपारी बुद्धिबळाला येतात आणि किल्लीचा एक जोड त्यांच्याकडे असतो. वडिलांच्या खिशात साखरेच्या पुड्या असतात. मुलाच्या खोलीत एक बिनतारी घंटा लावली आहे. तिचे बटण वडिलांच्या गळ्यात. एकदा वाजली तर ‘सावकाश ये’, दोनदा वाजली तर ‘आत्ता ये’. टीमलाही हे माहीत आहे.

सुनांविषयी आणि लेकींविषयी वेगळे बोलायला हवे. मुलगा घरून काम करतो तेव्हा घर दबक्या पावलांनी चालते. सून करते तेव्हा ‘ती घरीच तर असते’. गॅस सिलिंडर तिने घ्यायचा, कुरिअरवाल्याला दार तिने उघडायचे, सासूबाईंची आंघोळ, सासऱ्यांची फिजिओथेरपी, मुलांचा डबा, आणि मधल्या फटींत नोकरी. चाळिशीच्या आतल्या अशा तीन स्त्रियांना गेल्या वर्षात मी रक्तदाबाची गोळी सुरू केली. गोळी माझ्याकडे आहे. दुपारी दोन ते पाच दार उघडायला दुसरे कोणी उठावे, हे मी लिहून देऊ शकत नाही. हातीपायी धड असलेल्या ज्येष्ठांनी हे दार आपल्याकडे घ्यावे. आणि तिच्या कार्यालयाचे स्नेहसंमेलन असेल तेव्हा ‘जायलाच हवं का?’ असे विचारू नये. तिला जायला हवे असते. मन फारच खचले असेल, झोप व भूक उडाली असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. एकट्या पडलेल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

गेल्या नोव्हेंबरात मी त्या घरी रक्तदाब तपासायला गेलो होतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पहिल्या रविवारच्या चौकोनात वडिलांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : ‘अमेरिका, एक तास उशिरा. आपले जेवण साडेआठलाच.’ शेजारच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते. मी पट्टा सोडवत असताना मुलगा बाहेर आला, तसे त्यांनी विचारले, ‘‘काय रे, इंदूरच्या त्या मुलीच्या आईचा दुसरा गुडघा झाला का?’’