सर्व्हर निववायला किती पाणी?

बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केला. मातीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रं यांवरून उसाला पाणी कधी आणि किती द्यायचं, याचा सल्ला मोबाइलवर मिळतो. इंदापूर तालुक्यातल्या नीरेकाठच्या निरवांगीसारख्या गावात असा सल्ला मोलाचा, कारण इथे पाण्याचं आवर्तन चार दिवस लांबलं तरी उसाची पानं बोलू लागतात. पण सल्ला तयार करणारे सर्व्हर कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये रात्रंदिवस चालू असतात आणि त्यांनाही पाणी लागतं.

सर्व्हरमध्ये गेलेली वीज जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर येते. पाणी वाफवून ही उष्णता काढायची, तर हिशेब सोपा आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण 0.67 युनिट उष्णता जाते. म्हणजे 1 मेगावॉटचं केंद्र फक्त बाष्पीभवनावर थंड ठेवायचं, तर तासाला सुमारे दीड हजार आणि दिवसाला 35 हजार लिटर पाणी उडून जातं. दहा-बारा हजार लिटरचे तीन टँकर, रोज. कूलिंग टॉवरमध्ये क्षार साचू नयेत म्हणून अधूनमधून सोडून द्यावं लागणारं पाणी यात धरलेलं नाही.

या क्षेत्रात कार्यक्षमता मोजतात ती ‘पीयूई’ नावाच्या आकड्याने. केंद्राने घेतलेली एकूण वीज भागिले सर्व्हरना मिळालेली वीज. आदर्श आकडा 1. जगाची सरासरी अजून दीडच्या वर आहे. म्हणजे गणितासाठी एक युनिट जळतं, तेव्हा अर्ध्याहून जास्त युनिट वातानुकूलन, यूपीएस, पंखे आणि दिव्यांत जातं. मला खटकतं ते हे, की या आकड्यात पाणी कुठेच दिसत नाही. विजेवरचे चिलर बंद करून पाणी उडवलं की पीयूई लगेच सुधारतो. कागदावर केंद्र कार्यक्षम, आणि भार सगळा धरणावर.

विजेची बरीचशी गळती तर अगदी साध्या जागी असते. रॅकमधले रिकामे खण पट्टीने झाकले नाहीत, तर मागची गरम हवा त्या फटीतून पुढे येते आणि सर्व्हर तीच पुन्हा ओढतो. मग थर्मोस्टॅट आणखी खाली. आत जाणारी हवा 18 ते 27 अंशांत असली तरी चालते, असं अभियंत्यांचे मान्य निकष सांगतात. तरीही बिघाडाच्या धास्तीने कित्येक ठिकाणी खोली गारठलेली ठेवतात. रिकामा बसलेला सर्व्हरही भरपूर वीज खातो, जुन्या यंत्रांत तर पूर्ण भाराच्या जवळजवळ निम्मी. पण तो कुणाचा, कशासाठी लावला होता, हे कुणालाच आठवत नाही म्हणून तो बंद करायची हिंमत होत नाही.

खरा बदल आहे तो थंडावा थेट चिपपर्यंत नेण्यात. तितक्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. पुण्याच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक याच पद्धतीने थंड होतो. प्रोसेसरला चिकटवलेल्या धातूच्या पट्टीतून द्रव फिरतो, म्हणजे अख्खी खोली गार करावी लागत नाही. पाटपाणी सोडून ठिबकवर यावं, तसंच हे. आतला द्रव बंद नळीत फिरत राहतो. उष्णता शेवटी बाहेर टाकताना पाणी उडवायचं की कोरड्या हवेचे पंखे लावायचे, एवढाच निर्णय उरतो. द्रव जरा कोमट चालत असेल, तर पंख्यांवरही भागतं.

हा निर्णय उन्हाळ्यात अवघड होतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत बाष्पीभवन सर्वांत चांगलं चालतं, आणि नेमकं तेव्हाच धरणांत पाणी सर्वांत कमी असतं. पंखे लावले तर पाणी वाचतं पण वीज वाढते, आणि औष्णिक वीज बनवायलाही पाणीच लागतं. शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरणं हा यातला सर्वांत व्यवहार्य मार्ग मला वाटतो. क्षार आणि शेवाळाचा बंदोबस्त मात्र करावा लागतो. मुंबई-पुणे परिसरात नवी केंद्रं उभी राहत आहेत. त्यांना परवानगी देताना पीयूईच्या शेजारी दुसरा आकडाही मागायला हवा: सर्व्हरच्या एका युनिटमागे किती लिटर पाणी, ते कुठून घेतलं आणि मे महिन्यात किती, हे वेगळं दाखवून.